साडेचार फुटांवर

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गणपतीत आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या जेवणाच्या रांगेत उभी होते. हातात कागदी ताटली, तिच्यात मोदक कलंडायच्या बेतात. पुढच्या मैत्रिणीनं मान वळवून विचारलं, "काय करतेय गं तुझी लेक सध्या?" तिचा मुलगा रोबोटिक्समध्ये. मागे उभ्या असलेल्या ताईंची मुलगी गणिताच्या ऑलिंपियाडमध्ये. मी चटकन म्हणाले, "एन्व्हायर्नमेंटल सायन्सची एक स्पर्धा आहे. नॅशनल लेव्हलची."

लेक बाजूलाच होती. तेव्हा काही बोलली नाही. घरी येताना गाडीत बराच वेळ खिडकीबाहेर बघून झाल्यावर म्हणाली, "आई, फॉरेस्ट्री म्हणायला तुला लाज वाटते का?"

मी "छे गं, काहीतरीच काय" म्हणून मोकळी झाले. पण तुमच्यापाशी कशाला लपवू? वाटत होती. थोडीशी.

आम्ही पेन्सिल्व्हेनियात राहतो. लेक तेव्हा नुकतीच नववीत गेली होती. त्या गणपतीच्या थोडं आधी एक दिवस संध्याकाळी मी कांदा चिरत असताना तिनं ओट्यावर एक फॉर्म ठेवला. "आई, सही." कसली सही, तर शाळेची एन्व्हायरोथॉनची टीम होतेय आणि तिनं त्यात वनशास्त्र घेतलंय. "म्हणजे ती लाकूडतोड्याची गोष्ट का?" मी म्हणाले आणि स्वतःच हसले. ती हसली नाही. मग आपण सगळेच विचारतो तो प्रश्न मीही विचारला, "याचा कॉलेजला काही उपयोग होतो का गं?"

आता वाटतं, निदान हात धुऊन, तिच्याकडं तोंड करून तरी विचारायचं होतं.

तुमच्यापैकी अनेकांनी हे नाव ऐकलं नसेल, मीही ऐकलं नव्हतं. ही स्पर्धा 1979 मध्ये पेन्सिल्व्हेनियातच सुरू झाली. माती आणि पाणी जपण्यासाठी इथं जवळपास प्रत्येक काउंटीत एक कार्यालय असतं, त्या मंडळींनी ती सुरू केली. नाव होतं एन्व्हायर्नमेंटल ऑलिंपिक्स. आज ती अमेरिकेतल्या कितीतरी राज्यांत आणि कॅनडातही होते, शेवटच्या फेरीला चीनमधल्याही टीम येतात. नववी ते बारावीची मुलं, पाच जणांची एक टीम. विषय पाच: माती, पाण्यातलं जग, वन्यजीव, वनशास्त्र आणि दरवर्षी बदलणारा एखादा ताजा प्रश्न. परीक्षा वर्गात नाही, बाहेर, झाडाखाली आणि ओढ्याकाठी. आणि प्रत्येक ठिकाणी पाच जणांत उत्तरपत्रिका एकच.

हे शेवटचं वाक्य लेकीनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ते नीट ऐकलं नाही. पुढं ते मला चांगलंच भोवलं.

नोव्हेंबरात एका शनिवारी ती मागच्या अंगणात एक लाकडी पट्टी घेऊन उभी होती. बिल्टमोर स्टिक म्हणतात तिला. झाडाच्या खोडाची जाडी या पट्टीनं मोजायची, झाडाला मिठी न मारता. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. तिनं हाक मारली, "आई, दोन मिनिटं ये ना." मी आपलं नेहमीचं उत्तर दिलं, "आले गं, एवढ्या घड्या होऊ देत." सगळ्या घड्या झाल्या, मोजे जोडून झाले, आणि मग गेले. ती तशीच उभी होती. नाकाचा शेंडा लाल झालेला.

तिनं मला शिकवलं. पट्टी खोडाला आडवी टेकवायची, डोळ्यापासून पंचवीस इंचांवर, म्हणजे साधारण हातभर लांब. एक डोळा मिटायचा. पट्टीचं डावं टोक खोडाच्या डाव्या कडेशी जुळवायचं आणि मग मान न हलवता, फक्त नजर उजवीकडं नेऊन आकडा वाचायचा. पट्टीवरचे आकडे पुढं पुढं दाटत जातात, ते का हेही तिनं सांगितलं. ते मला पुरतं कळलं नाही.

"आई, डोकं हलवू नकोस."

"नाही हलवत."

"हलवलंस. परत."

चौथ्या खेपेला जमलं. अकरा की बारा इंच, यावर आमचं एकमत झालं नाही. त्या झाडाखालून मी चौदा वर्षं कचऱ्याचे डबे नेत होते, आणि ते ब्लॅक चेरी आहे हे मला त्या दिवशी कळलं. तिची साल करपलेल्या वेफर्ससारखी असते, असं त्यांना शिकवलं होतं. बघितलं तर खरंच तशी, काळपट, कडा वर वळलेली.

"पण इथंच का मोजायचं?" मी विचारलं. पट्टी माझ्या छातीपाशी होती.

"साडेचार फूट. सगळे इथंच मोजतात. खाली बुंधा फुगलेला असतो, तिथं मोजलंस तर चुकीचं येतं."

तेव्हा मी नुसती मान डोलावली.

रविवारी सकाळी सासूबाईंना फोन लावतो आम्ही. त्या कोकणात, गावीच असतात. नातीनं फोन उचलून अंगणात नेला आणि आजीला झाड दाखवलं. आजीनं पट्टी बघितली, फारशी पसंत पडली नाही. "आम्ही कवेत घ्यायचो बाय," त्या म्हणाल्या. "एका कवेचा, दोन कवांचा. घराच्या मागचा आंबा दोघांच्या कवेत यायचा नाही." मग नातीनं सांगितलं की झाडाची उंची मोजायला सहासष्ट फूट लांब जावं लागतं, त्याला इथं एक चेन म्हणतात. आजी क्षणभर थांबल्या. "सहासष्ट? म्हणजे तेहतीस दुणे. तेहतीस फूट बाय तेहतीस फूट म्हणजे गुंठा. ही तर आमची मोजणीदाराची साखळी!"

एरवी त्या दोघींचं बोलणं "जेवलीस का?" आणि "हो आजी" यापुढं सरकत नाही. त्या दिवशी अर्धा तास झाला. मला पोळ्या करायच्या होत्या म्हणून मी फोन मागत होते. दोघींनीही दिला नाही.

मी शिवणाची टेप आणून झाडाभोवती गुंडाळली. घेर छत्तीस इंच. तीन पूर्णांक चौदा शतांशानं भागलं की व्यास, साधारण साडेअकरा. अकरा म्हणणारी मी आणि बारा म्हणणारी ती, दोघीही अर्ध्या इंचानं चुकलो होतो. आजीला फार आनंद झाला, त्यांच्या मते कवेची पद्धतच बरी ठरली.

एक गोष्ट मात्र माझ्या हातून निसटणार होती. थंडीत एका रात्री जेवणानंतर ती काहीतरी सांगत होती आणि मी लॅपटॉपवर ऑफिसची मेल लिहिताना "हं... हं" करत होते. आपलं हे "हं" मुलं बरोबर ओळखतात. ती मध्येच म्हणाली, "आणि मग तो हत्ती आपल्या स्वयंपाकघरात आला." मी म्हणाले, "हं."

लॅपटॉप मिटला. तिला म्हटलं, पहिल्यापासून सांग. हत्ती खराच होता.

डीट्रिख ब्रँडिस नावाचा एक जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ होता. इंग्रजांनी त्याला 1856 मध्ये ब्रह्मदेशात सागाची जंगलं सांभाळायला नेमलं. जंगलात साग किती आणि केवढा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तर हा हत्तीवर बसून हिंडायचा. एका हातात चार काठ्या, दुसऱ्या हातात खिशातला चाकू. जाडीप्रमाणे सागाचे चार गट पाडलेले, झाड दिसलं की त्या गटाच्या काठीवर एक खाच. अशा खाचा मोजून त्यानं जंगलाचा हिशेब मांडला. 1864 मध्ये तो हिंदुस्थानचा पहिला वन महानिरीक्षक झाला.

"आणि आई, गिफर्ड पिंचो माहितीये ना?" मला माहीत नव्हता. अमेरिकेच्या वनसेवेचा 1905 मधला पहिला प्रमुख, पुढं दोनदा आमच्या पेन्सिल्व्हेनियाचा गव्हर्नर. त्याच्या तरुणपणी अमेरिकेत वनशास्त्र शिकायची सोय नव्हती. तो युरोपात गेला, आणि तिथं त्याला वाट दाखवली ती निवृत्त होऊन परतलेल्या याच ब्रँडिसनं. पुढं नॉर्थ कॅरोलिनातल्या बिल्टमोर इस्टेटीला वनाधिकारी हवा होता, तेव्हा कार्ल शेंक हे नावही ब्रँडिसनंच सुचवलं. त्या शेंकनं 1898 मध्ये तिथं अमेरिकेतली पहिली वनशास्त्राची शाळा काढली. माझ्या लेकीच्या हातातली पट्टी त्याच बिल्टमोरचं नाव लावते.

"म्हणजे," ती म्हणाली, "हे अमेरिकन लोक सागावरून शिकले." मग जरा थांबून, "तू मंडळात हे सांगू शकतेस. हे भारी वाटतं ना?"

गणपतीतली ती रांग ती विसरली नव्हती. पाच महिने झाले होते. आपण बोलून जातो, मुलं जपून ठेवतात.

आता माझी दुसरी चूक. फेब्रुवारीत तिला गणितात बी मायनस आली. मी दमून आले होते, त्यातच शाळेचं ग्रेडचं पोर्टल उघडलं आणि माझा तोल गेला. "झाडं बंद. आधी हे सुधार." ती खोलीत गेली. पट्टी जिन्याच्या पायरीवर तशीच पडून राहिली. रात्री तिच्या बाबांनी हळूच विचारलं, "आपण नक्की कशाला घाबरतोय?" मला नीट उत्तर देता आलं नाही. घाबरायला कारण असतंच. इथलं कॉलेज महाग आहे, आपण परक्या देशात आहोत, मूल मागं पडलं तर सावरायला काका-मामा जवळ नाहीत. भारतात राहणाऱ्या माझ्या बहिणीची कारणं वेगळी आहेत, भीती तीच आहे. भीती खरी असते. ती पट्टीवर काढायची नव्हती, एवढंच.

चार दिवसांनी मी पट्टी परत दिली. पुढं झाडांमुळं तिचं गणित सुधारलं, असं लिहायला मला फार आवडलं असतं. तसं काही झालं नाही. बी मायनसची बी झाली, ती शिकवणीनं.

मार्चअखेर आम्ही दोघींनी ती चेरी पुन्हा मोजली. छत्तीस इंच. "काहीच वाढलं नाही की!" मी म्हणाले. लेक हसायलाच लागली. "आई, हिवाळ्यात कसं वाढेल? ते झोपलंय. आणि वाढलं तरी एका वर्षात टेपवर कितीसं दिसणार?"

स्पर्धा एप्रिलच्या शेवटी होती. गाडी चालवायला पालक हवे होते म्हणून मी रजा काढली. एप्रिलमध्ये इथं परागकणांचा त्रास असतो, लेकीचं नाक सकाळपासून चोंदलेलं. ती अ‍ॅलर्जीची गोळी घ्यायला गेली तर मीच म्हणाले, "आज नको घेऊस. सुस्ती येईल, पेपरात चुका होतील." तिनं ऐकलं. पालकांचं ऐकायचं नेमकं कधी, हे मुलांना अजून कळलेलं नाही.

बारीक पाऊस होता. पार्कात चिखल. ठरावीक झाडांना गुलाबी फिती बांधलेल्या, प्रत्येकीवर नंबर. पालकांनी लांब छपराखाली कॉफी घेऊन उभं राहायचं, जवळ जायचं नाही. तिथून मला पाच टोप्या दिसत होत्या, एकाच क्लिपबोर्डवर वाकलेल्या. चार नंबरच्या झाडापाशी त्या बराच वेळ थांबल्या. एक मुलगा मान हलवत होता. माझी लेक सालीकडं बोट दाखवत होती. मग वाकून तिनं खालची काडी उचलली, नाकाशी नेली, टाकून दिली. पुन्हा बोट सालीकडं. अखेर कुणीतरी लिहिलं.

मला वाटलं, वा! आपली पोरगी सगळ्यांना पटवून देतेय. लीडरशिप. कॉलेजच्या अर्जात हे कसं लिहायचं, याचं वाक्यसुद्धा मनात तयार झालं.

संध्याकाळी बाकीच्या मुलांना सोडून आम्ही दोघीच गाडीत उरलो. ती गप्प. मला मात्र धीर नव्हता.

"फॉरेस्ट्रीत किती?"

तिनं टीमचा आकडा सांगितला.

"तसं नाही गं. तुझे किती?"

"माझे नसतात, आई."

"म्हणजे? तुझा विषय होता ना?"

"आमचे असतात. पेपर एकच असतो."

मी तरी सोडलं नाही. सवय वाईट. शाळेत पहिलीपासून आपल्याला एकेका मुलाचा आकडा मिळतो, वजनकाट्यासारखा. तो नसला की आपल्या हाताला काही लागतच नाही. तिनं मग आपणहून सांगितलं, की चार नंबरचं झाड चुकलं. ते ब्लॅक बर्च होतं. आधी तसंच लिहिलं होतं, मग खोडून ब्लॅक चेरी केलं.

आणि मी विचारलं, "मग उत्तर बदललं कुणी?"

हा प्रश्न तोंडातून गेला आणि मला कळलं की तो परत घेता येणार नाही. ती खिडकीकडं वळली. "मी," म्हणाली, आणि दिवसभर धरून ठेवलेलं रडू तिथं फुटलं.

हळूहळू सगळं बाहेर आलं. बर्च आणि चेरीची साल पुष्कळदा एकमेकींसारखी दिसते. अख्खा हिवाळा तिनं आमच्या अंगणातली चेरी बघितली होती, तिलाच चेरी कळते असं टीमलाही वाटत होतं. खूण अशी की बर्चची काडी नखानं खरवडली तर ताजा, थंड, औषधी वास येतो. चेरीच्या काडीला कडू बदामासारखा. "काडी होती खाली. मी घेतली. पण मला वासच आला नाही, आई. नाक बंद होतं. मग मला वाटलं, वास नाही म्हणजे बर्च नाही."

सिग्नल हिरवा झाला होता. मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला. गोळी नको म्हणणारी मी होते.

ते मी तिला तिथंच सांगितलं. म्हटलं, ते उत्तर बदलण्यात माझाही हात होता. ती रडता रडता हसली. "मग पेपर सहा जणांचा झाला." आणि तो मान हलवणारा मुलगा, ज्याचं उत्तर बरोबर होतं? निकाल कळल्यावर तो काय म्हणाला? तिनं नाक पुसलं. "म्हणाला, पुढच्या वेळी सगळे वास घेऊ."

घेऊ. पंधरा वर्षांच्या मुलाला जे सुचलं ते मला पंचेचाळिसाव्या वर्षी सुचलं नाही.

मे महिन्यात एका रविवारी आम्ही दोघी परत त्या पार्कात गेलो. फिती काढून टाकलेल्या, पण चार नंबरचं झाड तिला पाठ होतं. तिनं एक काडी उचलली, नखानं खरवडली आणि माझ्या नाकाशी धरली.

आजी! माझ्या तोंडून तेच निघालं. सासूबाईंच्या खोलीत शिरलं की येतो तो वास. गुडघ्याला चोळायच्या मलमाचा, गंधपुऱ्याच्या तेलाचा. तो वास देणारं द्रव्य या झाडाच्या सालीतही असतं. लेकीनं तेव्हाच फोन लावला. पण फोनवरून वास पाठवायची सोय अजून निघालेली नाही. आजी म्हणाल्या, "इथं ये मग, डबी उघडून देते. जुळतो का बघ."

तर सांगायचं काय, की मी आता फार शहाणी झालेय असं नाही. ग्रेडचं पोर्टल अजून दिवसातून दोनदा उघडते. पण दोन-चार गोष्टी मी माझ्यापुरत्या ठरवल्यात. तुमच्या घरी जमल्या तर बघा.

पहिली, गाडीतली पहिली दहा मिनिटं. स्पर्धा असो, परीक्षा असो, काही विचारायचं नाही. डबा पुढं करायचा. आमच्याकडं थालीपीठ चालतं, गार असलं तरी. पोटात काही गेलं की मुलं आपणहून बोलतात, आणि नाही बोलली तरी थालीपीठ वाया जात नाही.

दुसरी, मुलाच्या आवडीला तिचंच नाव द्यायचं. फॉरेस्ट्री असेल तर फॉरेस्ट्री. तबला असेल तर तबला, "म्युझिक थेरपीकडं कल आहे" नाही. आपण नाव बदललं की मुलाला वाटतं, मूळ नावात काहीतरी कमी असणार. यंदा मंडळात मी नीट सांगितलं, जंगल मोजायला शिकते. त्याच ताई म्हणाल्या, "अय्या, आमच्या दारातल्या झाडाला कसलीशी कीड लागलीय, ती येऊन बघेल का?" ती गेली. ती कीड म्हणजे लँटर्नफ्लाय निघाली. 2014 मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा ती आमच्याच राज्यात सापडली होती. लेकीनं त्यांना जुन्या क्रेडिट कार्डानं खोडावरची अंडी खरवडायला शिकवलं. ताईंची ऑलिंपियाडवाली मुलगीही खरवडायला आली. दोघींनी दुपारभर धमाल केली म्हणे.

तिसरी, अधूनमधून मुलांसमोर अडाणी व्हायचं. आपण सदा शिकवणाऱ्याच्या भूमिकेत असतो. ब्रश कर, पाणी पी, सरळ बस. "डोकं हलवू नकोस, परत" हे एकदा त्यांच्या तोंडून ऐकून घ्यायला हवं. मला त्यातून कळलं, की आपली पोरगी शिकवताना चिडत नाही. तो गुण तिच्यात माझ्याकडून आलेला नाही, हे नक्की.

आणि चौथी, एक झाड धरायचं. त्यासाठी पेन्सिल्व्हेनिया लागत नाही आणि स्पर्धाही लागत नाही. तुमच्या सोसायटीच्या फाटकाशी गुलमोहर असेल, शाळेच्या रस्त्यावर पिंपळ किंवा कडुनिंब असेल. शाळेत निसर्गमंडळ असेल तर उत्तमच. शिवणाची टेप घ्यायची, जमिनीपासून साडेचार फूट मोजायचं, म्हणजे एक मीटर सदतीस सेंटिमीटर. भारतातही झाड त्याच उंचीवर मोजतात. घेर लिहून ठेवायचा, खाली तारीख आणि मुलाचं नाव. पुढच्या वाढदिवसाला परत. आकडा फारसा हलणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. मुलगा आणि तुम्ही वर्षातून एकदा एका झाडाभोवती टेप धरून उभे राहाल, एक टोक त्याच्या हातात आणि एक तुमच्या.

त्या साडेचार फुटांचा मी पुढं बराच विचार केला. जुने वनाधिकारी काही उगाच त्या उंचीवर अडले नव्हते. बुंध्याशी माप घेतलं तर झाड आहे त्याहून मोठं वाटतं, फार वर गेलं तर उगाच बारीक. मी माझ्या लेकीला कधी अगदी तळाशी मोजत होते, "माझी मुलगी नॅशनल लेव्हलला" असं फुगवून. कधी शेंड्याशी, एका बी मायनसवरून. त्या दिवशी तिचं रडून झाल्यावर मी तिला जवळ घेतलं, तेव्हा तिचा चेहरा बरोबर माझ्या छातीशी टेकला. आता ते मापही गेलं, ती माझ्याहून उंच झालीय.

त्यांच्या टीमचा नंबर कितवा आला, हे मी इतक्या पानांत कुठंच लिहिलेलं नाही. तुम्हाला मघापासून विचारावंसं वाटत असेल, तर वाईट वाटून घेऊ नका. मीही तेच आधी विचारलं होतं.